बहात्तर गुणांचा बाइंडर

बाइंडरला एक कटिंग मशीन हवं होतं. गोष्ट एवढीच आहे. पुढे जे झालं ते सगळं या एका वाक्याला फुटलेल्या फांद्या आहेत आणि त्यातल्या एकाही फांदीला फळ धरलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसायला नको. आशा लावून बसायचं काम बाइंडरने एकट्याने पुरेसं केलं.

कटिंग मशीन म्हणजे काय, तर रजिस्टर शिवून, खळ लावून वाळलं की पुठ्ठा चढवायच्या आधी त्याच्या तीन कडा कापाव्या लागतात, ते काम एका दणक्यात करणारं लोखंडी धूड. बाइंडरकडे बाकी सगळं होतं. शिवण त्याच्या बोटांत होती, खळ बायको शिजवायची आणि पुठ्ठ्यांना कापड त्याची आई चिकटवायची. फक्त कडा कापायला त्याला सगळे गठ्ठे सायकलवर लादून मोठ्या रस्त्यावरच्या कारखान्यात न्यावे लागायचे. तिथे मजुरीवर शिवणकाम करायचं आणि त्या बदल्यात मालक, मूड असेल तेव्हा, याचे गठ्ठे कापून द्यायचा. मूड नसेल तेव्हा हे गठ्ठे दाराशी उपाशी पाहुण्यासारखे बसून राहायचे.

अशात एका शाळेच्या हेडक्लार्कने त्याला सांगितलं, की तुझं स्वतःचं कटिंग असेल तर वर्षभराची सगळी रजिस्टरं तुझी. शाळा सुरू व्हायच्या आत काय ते कळव. दुसरीकडे मेव्हणा टपून होता. मेव्हण्याचं टायरचं गोडाऊन होतं आणि त्याच्या गेटवर त्याला माणूस हवा होता. भर जेवणाच्या पंगतीत, आठ माणसांसमोर, वाटी पुढे सरकवावी तितक्या सहज तो म्हणाला होता, "दाजी, कशाला त्या चिकटपणात हात घालता? गेटवर खुर्ची टाकून बसा, गाड्यांचे नंबर लिहा. बाहेरच्यापेक्षा घरचा माणूस बरा."

बाइंडरला तो घास गिळायला दोन मिनिटं लागली. मेव्हण्याच्या दारात मेव्हण्याच्या खुर्चीत बसून मेव्हण्याच्या गाड्यांना सलाम ठोकायचा, यापेक्षा खळ पिऊन झोपलेलं परवडलं, असं तो रात्री बायकोला म्हणाला. बायकोने दिवा मालवला. भाऊ तिचा होता.

समोरच्या दारात परिपत्रक काका राहायचे. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. माणसं पेपर वाचतात तशी हे परिपत्रकं वाचायचे, खाली रेघ मारून. त्यांनीच योजनेचा कागद आणून दिला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारी खर्चाने स्वावलंबी करण्याची योजना, नाव 'स्वतःच्या पायावर'. काका म्हणाले, यात साधनसामग्री मिळते, पान चार, परिच्छेद ब. बाइंडर दुसऱ्या दिवशी योजनेच्या केंद्रात गेला. तिथे बसायला बाकडं नव्हतं. सव्वाचार तास तो रांगेत उभा होता, म्हणजे योजना त्याला पहिल्याच दिवशी लागू झाली.

आणि त्या रांगेतच त्याला ते दिसलं. केंद्राच्या बोळकांडीत, भिंतीला लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, हिरव्या रंगाचं, नवं कोरं कटिंग मशीन. त्याच्यावर हजेरीचं रजिस्टर, पाण्याचा जग आणि कुणाचा तरी डबा ठेवलेला. बाइंडर ते बघून इतका हरखला, की खिडकीतल्या क्लार्कने नाव विचारल्यावर त्याने मशीनकडे बोट दाखवलं.

क्लार्कने समजावून सांगितलं. मशीन खरेदी विभागाने घेतलंय. प्रशिक्षण विभागात बाइंडिंगचा कोर्सच नाही. म्हणून दीड वर्षं ते इथे पडून आहे. पण मिळू शकतं. आधी पाहणी, मग प्रशिक्षण, मग साधन. दहा मुद्द्यांवर कुटुंबाला गुण मिळतात, प्रत्येकी दहा. घर, आरोग्य, उत्पन्न, आत्मविश्वास वगैरे. चाळीसच्या आत असलात तर गरजू. सत्तरच्या वर गेलात तर स्वावलंबी. मधल्यांचं काय, असं बाइंडरने विचारलं. क्लार्क म्हणाला, मधल्यांनी अर्जच कशाला करायचा? बरोबरच होतं. मधले सगळे बाहेर रस्त्यावरून चालले होते, कुणाला काही न विचारता.

पाहणीचा दिवस ठरला आणि इथून बाइंडरच्या घरातलं जे मूळ दुखणं आहे ते वर आलं. परकं माणूस घरी येणार म्हटल्यावर आईने आदल्या दिवसापासून घर घासायला घेतलं. पडदे धुतले. काकांच्या घरून दोन चांगल्या खुर्च्या आणल्या. कपाटात वर्षानुवर्षं झोपलेला फुलाफुलांचा कपांचा सेट खाली उतरला. बाइंडर म्हणत होता, अगं आई, त्या आपली गरज बघायला येतायत. आई म्हणाली, बघू देत ना, पण घरात येऊन बघणार आहेत की नाही?

पाहणीवाल्या बाई आल्या, खुर्चीत बसल्या, चहा घेतला, फॉर्म काढला. पहिला प्रश्न त्यांनी आईलाच विचारला, आजी, घरात काय अडचणी आहेत? आता या बाईने, म्हणजे आईने, चाळीस वर्षांत आल्यागेल्यासमोर एकदाही अडचण हा शब्द उच्चारला नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातही भेटायला आलेल्यांना तिने बिस्किटं दिली होती. ती पदर सारखा करून म्हणाली, "आमच्याकडे कशाची म्हणून कमी नाही. मुलगा गुणी आहे. तुम्ही अजून एक कप घ्या."

बाईंनी अजून एक कप घेतला आणि त्रेसष्ट गुण दिले.

बाइंडर दोन दिवस आईशी बोलला नाही. मग काकांनी फेरपाहणीचा अर्ज लिहून दिला आणि वर सल्लाही दिला. या खेपेला घर रिकामं करायचं. पंखा, टेबल, कप, पडदे, टीव्ही, सगळं काकांच्या खोलीत गेलं. काकांना स्वतःच्या घरात शिरायला टेबलाखालून जावं लागत होतं, पण नियमात बसणारी गोष्ट असली की त्यांना त्रास होत नाही. घरात उरली एक चटई, खळीचं पातेलं आणि आई. आईला ताकीद दिली होती, काय वाटेल ते होवो, तू बोलायचं नाही.

बाई त्याच. दारात उभ्या राहून त्यांनी खोली बघितली, चटई बघितली, भिंतीवरचा टीव्हीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन बघितला. म्हणाल्या, सामान कुठे गेलं? विकलं का?

बाइंडरने मान खाली घातली, ती हो अशी दिसावी म्हणून. पण आईला ते सहन होईना. संसार विकून खाल्ला असं परक्या बाईने समजून जावं? "विकलंबिकलं काही नाही हो," ती म्हणाली, "समोर ठेवलंय. तुम्ही गेलात की आणणार."

काकांच्या खोलीत कुठेतरी एक कप घरंगळला.

बाई रागावल्या नाहीत. पायरीवरच बसल्या. त्या सकाळपासून बावीस घरं फिरल्या होत्या आणि बावीस घरी चहा प्यायल्या होत्या. शनिवारपर्यंत त्यांना या भागातून आठ गरजू कुटुंबं दाखवायची होती. पाचच झाली होती, कारण इथे ज्याच्या घरी जावं तो म्हणतो सगळं छान चाललंय. म्हणाल्या, आजी, तुमच्या या छानपणापायी माझी नोकरी जाईल. आणि त्यांनी पायरीवर बसूनच अडतीस गुण लिहिले. बाइंडर गरजू झाला. त्याच्या गरजेमुळे नाही, बाईंच्या गरजेमुळे. पण झाला.

आता प्रशिक्षण. साधन मिळायला कुठल्या तरी एका कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. कुठल्याही. दोनच कोर्स चालू होते, केशभूषा आणि मेणबत्ती. केशभूषा फक्त महिलांसाठी होती. बाइंडरने क्लार्कला सांगून पाहिलं, की मी वीस वर्षं पुस्तकं बांधतोय, मला तुम्ही काही शिकवू नका, नुसतं ते मशीन द्या. क्लार्क म्हणाला, येत असेल तर शिकायला त्रास होणार नाही. पण येतंय ते पुस्तक आणि शिकायची मेणबत्ती, हा बारीक फरक त्या खिडकीतून आत जाईना.

पंचेचाळीस दिवस, अकरा ते चार, येताना एक अंगठा, जाताना एक अंगठा. कारखान्याची मजुरी सुटली, कारण कारखानाही अकरा ते चारच चालायचा. मालक म्हणाला, आता तू सरकारी माणूस झालास. घर आईच्या आणि बायकोच्या हातांवर आलं. दोघी पाकिटं चिकटवायच्या आणि बाइंडर स्वावलंबी व्हायला जायचा.

मेणबत्ती शिकवणाऱ्या बाई स्वतः मोबाइलवर बघून शिकल्या होत्या. रेंज गेली की वर्ग थांबायचा. बाइंडरच्या हातात वीस वर्षांची सवय, त्यामुळे त्याच्या मेणबत्त्या चौकोनी व्हायच्या आणि तो त्यांच्या कडा पट्टी लावून सरळ कापायचा. वात कधी मध्यभागी आली नाही. तयार झालेल्या मेणबत्त्या घरी न्यायच्या असत. पंचेचाळीस दिवसांत एकशे ऐंशी मेणबत्त्या घरात साठल्या आणि तेवढ्या काळात एकदाही लाइट गेली नाही. शेजाऱ्यांना वाटल्या. शेजारी एकदा घेतात, दुसऱ्यांदा दार उघडत नाहीत. मेव्हणा येऊन एक उचलून बघून गेला. म्हणाला, दाजी, गेट अजून रिकामं आहे, एक तारखेपर्यंत थांबतो, पुढे नाही.

पण खरी खोच वेगळीच होती. दर शनिवारी पाहणीवाल्या बाई वर्गात यायच्या आणि एकेकाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायच्या, काय, कसं चाललंय? घरी कसं? मनाला बरं वाटतं का आता? आता एखादी बाई इतक्या आपुलकीने विचारतेय म्हटल्यावर माणूस काय सांगणार? घरात पाकिटं चिकटवून बायकोची बोटं सोलली, हे सांगणार? बाइंडर हसून म्हणायचा, बरं आहे. तुमच्या कृपेने ठीक चाललंय. पुढच्या शनिवारी म्हणायचा, मजेत. आईला नावं ठेवणारा हा माणूस, त्याला हे एकदाही सुचलं नाही, की बाईंच्या मांडीवर फॉर्म आहे आणि प्रत्येक 'बरं आहे'ला त्या एक खूण करतायत. आत्मविश्वास, दहापैकी नऊ. कौटुंबिक समाधान, नऊ. भविष्याविषयी आशा, पैकीच्या पैकी.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. बाइंडर ते घेऊन थेट बोळकांडीत गेला, मशीनवरचा पाण्याचा जग स्वतःच्या हाताने उतरवला आणि क्लार्कला म्हणाला, हातगाडी सांगून आलोय. क्लार्कने यादी बघितली, परत बघितली, आणि त्याला आत समन्वयक साहेबांकडे नेलं. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी बाइंडरचा हात हातात घेतला. त्याला बहात्तर गुण होते. पंचेचाळीस दिवसांत अडतीसवरून बहात्तर. केंद्राच्या इतिहासात असं कुटुंब झालं नव्हतं.

बाइंडर म्हणाला, साहेब, मशीन.

साहेब म्हणाले, मशीन सत्तरच्या खालच्यांसाठी असतं.

यावर बाइंडर जे बोलला ते त्याच्या मानाने बरंच होतं. तो म्हणाला, "साहेब, मशीन मिळालं की मी स्वावलंबी होणार होतो."

"पण तुम्ही आधीच झालात," साहेब म्हणाले, आणि खरोखर त्यांचा आवाज भरून आला होता. "मशीनशिवाय. हेच तर आम्हाला वर दाखवायचंय."

काकांनी घरी डोक्याला हात लावला. म्हणाले, कसं चाललंय असं विचारलं तर तू बरं आहे म्हणालास? चौतीस वर्षांत मी एकाही वरिष्ठाला बरं आहे म्हणालो नाही, म्हणून पेन्शन खातोय. आई कोपऱ्यातून म्हणाली, मग काय रडायचं होतं त्याने त्या बाईपुढे? बाइंडरने आईकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला तिच्यावर रागावता येईना.

दोन दिवसांनी फोटोसाठी बोलावणं आलं. यशस्वी लाभार्थ्याचा फोटो साधनासोबत हवा असतो, असा नियम होता. साधन दिलेलं असो वा नसो. मशीनचं प्लास्टिक काढलं, दांड्याला रिबन बांधली आणि बाइंडरला शेजारी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, नुसते उभे राहू नका, काहीतरी करताना दिसा. कुणीतरी कागदांचा एक गठ्ठा आणून दिला, केंद्रातलेच जुने फॉर्म. बाइंडरने तो बोटांनी हलवून सारखा केला, कड लावली, दाब आवळला आणि दांडा खाली ओढला.

पातं लोण्यातून जावं तसं गेलं. कड अशी आली, की त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. फोटोवाल्याने तोच फोटो घेतला. मग बाइंडरने दुसरी बाजू कापली. मग तिसरी. मग कुणी थांबवलं नाही म्हणून आणखी एक गठ्ठा. शेवटी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण बाहेर टेम्पो उभा होता. शेजारच्या केंद्रातही एक यशस्वी लाभार्थी होता आणि त्याचाही फोटो व्हायचा होता. चार माणसांनी मशीन उचललं. बाइंडरही हात लावायला धावला, सवयीने. मशीन चढवायला जड असतं हे त्याला माहीत होतं. टेम्पो गेला तेव्हा त्याच्या हातात रिबन राहिली होती.

फोटो पेपरात आला. अर्धं पान. 'मेणबत्तीच्या उजेडात सापडली वाट, बाइंडर झाला उद्योजक.' बाइंडरच्या मिटलेल्या डोळ्यांत समाधान ओसंडून वाहत होतं, असं खाली लिहिलं होतं.

आता पेपर सगळेच वाचतात. हेडक्लार्कनेही वाचला आणि दुसऱ्या दिवशी शाळेची गाडी दारात येऊन पाचशे रजिस्टरांचा कागद उतरवून गेली. नाही म्हणायला बाइंडर पुढे झाला होता, पण गाडीवाल्यानेही पेपर वाचला होता. तो म्हणाला, अहो शेठ, सही करा. शेठ म्हणवून घेतल्यावर नाही कसं म्हणायचं? त्याने सही केली.

सहा दिवस तिघांनी मिळून शिवण केली. मग गठ्ठे सायकलवर लादून तो कारखान्यात गेला. मालकाने त्याला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, तुझ्याकडे नवं कोरं मशीन असताना माझं पातं कशाला बोथट करतोस? बाइंडरने शपथा घेतल्या. मालकाने ड्रॉवरमधून पेपर काढून टेबलावर ठेवला. फोटोपुढे शपथ टिकत नाही.

मग घरी येऊन त्याने सुरी आणि पोलादी पट्टी घेतली. चाळीस रजिस्टरं हाताने कापली. पहिली दहा बरी आली. पुढच्यांच्या कडा गाईने चघळल्यासारख्या दिसत होत्या आणि शेवटच्या पाचांवर त्याच्या अंगठ्याचं रक्त होतं. हेडक्लार्कने एक उचलून उजेडात धरलं, खाली ठेवलं आणि उरलेला कागद परत मागवला. हा माणूस ओरडला असता तर बाइंडरला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी तो स्वतः होऊन मेव्हण्याकडे गेला. गोडाऊनच्या गेटवर एक अनोळखी म्हातारा खुर्चीत बसला होता. त्याने बाइंडरला नाव विचारलं, गाडीचा नंबर विचारला आणि सायकलला नंबर नसल्यामुळे बाहेरच थांबवलं. मेव्हणा बाहेर आला. त्याने खरंच वाईट वाटून घेतलं. म्हणाला, दाजी, पेपर वाचला, छाती भरून आली. म्हटलं आता तुम्हाला कशाला त्रास द्यायचा? ही जागा एका गरजू माणसाला देऊन टाकली.

बाइंडर म्हणाला, बरं केलंस.

आठवड्याने समन्वयक साहेबांनी बोलावलं. नव्या तुकडीसाठी त्यांना मार्गदर्शक हवा होता, दरमहा मानधनावर. काम सोपं, आपण स्वावलंबी कसे झालो ते दर मंगळवारी आणि गुरुवारी सांगायचं. भाषण छापील होतं, अडीच पानं. घरी त्याने हे सांगितल्यावर बायकोने एकच विचारलं, महिन्याच्या महिन्याला देतात का? देतात म्हणाला. मग जा, ती म्हणाली, आणि पाकिटांकडे वळली. तिला त्याच्या लाजेसाठी वेळ नव्हता.

पहिल्या मंगळवारी समोर तीस माणसं होती. मेणबत्तीला बसलेली. कुणी धुणंभांडी सोडून आलेली, कुणी भाजीची गाडी पोराच्या हवाली करून. मागे भिंतीला टेकून साहेब. बाइंडरने दीड पान वाचलं. 'माझ्या घरी ते मशीन आलं आणि माझं आयुष्य पालटलं' या ओळीवर त्याची जीभ अडली. तो परत पहिल्यापासून वाचायला लागला, परत तिथेच अडला. दुसऱ्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई होती, तोंडाने फटकळ. तिने विचारलं, दादा, मशीन नक्की कधी मिळालं तुम्हाला? आम्हाला किती दिवस धरून चालायचे?

बाइंडरने साहेबांकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली, बोटाने कड दाबून, जशी तो आयुष्यभर घालत आला.

"मिळालं नाही," तो म्हणाला. "मशीन मिळालंच नाही. फोटोपुरतं होतं. ऑर्डर गेली, मजुरी गेली, गेटवरची जागाही गेली. बहात्तर गुण आहेत, ते आहेत."

साहेब भिंतीपासून सरळ झाले. बाइंडरला वाटलं, आता ही माणसं उठून जातील, निदान चार शिव्या तरी देतील, आणि त्याला ते हवंही होतं. बाईने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"पण हे इथे उभं राहून बोलायचे पैसे मिळतात ना तुम्हाला?"

"मिळतात."

"दर महिन्याला?"

"हो."

तिने पिशवीतून वही काढली, पेनचं टोपण दातात धरलं. "मग मशीनचं राहू द्या," ती म्हणाली. "हे काम कसं मिळतं, ते सांगा."

तीस वह्या उघडल्या. साहेब परत भिंतीला टेकले. बाइंडरने घसा खाकरला आणि अर्ज कुठल्या खिडकीवर करायचा तिथपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, जरा सावकाश सांगा हो, लिहून घेता येत नाही.